सोडियमचे माहेरचे नाव

दरवर्षी शाळा सुरू झाली की नववीच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. मूलद्रव्यांच्या संज्ञा मी फळ्यावर लिहीत असतो. हायड्रोजनचा H, ऑक्सिजनचा O, कार्बनचा C, असे सगळे सरळ वाटेने चाललेले असते आणि सोडियमपाशी येऊन वर्ग थबकतो. कोणीतरी हात वर करते. "सर, सोडियमला Na कसं? So पाहिजे ना?"

मी खडू खाली ठेवतो आणि सांगतो, "Na हे सोडियमचं माहेरचं नाव आहे. लॅटिनमध्ये त्याला नॅट्रियम म्हणत. पुढे नाव बदललं, पण संज्ञा माहेरचीच राहिली."

मुली एकमेकींकडे पाहून हसतात. मग पोटॅशियमचा K, लोखंडाचे Fe, सोन्याचे Au ही सगळी माहेरची नावे होऊन जातात आणि सहसा कोणी ती पुन्हा चुकत नाही. संज्ञा शिकवण्याची माझी ही रीत सहकाऱ्यांनाही आवडते. एकदोघांनी ती आपल्या वर्गात उचलली आहे. पण ती रीत माझी नाही. ती माझ्या पत्नीची आहे.

आमचे लग्न झाले तेव्हा मी जळगावच्या एका माध्यमिक शाळेत नुकताच विज्ञानशिक्षक म्हणून लागलो होतो. माझे गाव पारोळ्याजवळचे, तिचे सोनगीरच्या पलीकडचे. दोन्ही घरे शेतकऱ्यांची. ती दहावीपर्यंत शिकली होती. गणितात हुशार, अक्षर मोत्यासारखे. लग्नात आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिचे नाव बदलले. ताटात तांदूळ पसरले होते. त्यांत अंगठीने मी नवे नाव लिहिले, भटजींनी ते मोठ्याने वाचले, मंडळींनी टाळ्या वाजवल्या. नाव मी निवडले होते, बरेच दिवस विचार करून. ते मला आधुनिक वाटले होते. तिला कसे वाटले, हे विचारण्याची रीत नव्हती, आणि रीत नाही म्हणून मी विचारलेही नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहत होतो. शाळेत तक्ते नव्हते, म्हणून मूलद्रव्यांची कार्डे घरीच करायचे मी ठरवले. लग्नसराईत आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा होता. त्या आडव्या कापून कोऱ्या पाठीवर ती संज्ञा लिहायची. पुढच्या बाजूला अर्धवट गणपती, कोणाच्या तरी मामांचे अर्धे नाव, आणि मागे काळ्या शाईत ठसठशीत Mg. कोपऱ्यात संयुजेइतके ठिपके. मी त्यांना हात म्हणत असे. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, कार्बनला चार. कोणाचाही हात रिकामा राहता कामा नये, एवढाच नियम.

लिहिता लिहिता ती विचारत गेली आणि मी शिकवत गेलो. सोडियमचे कार्ड तिने लिहिले तेव्हा तिलाही तोच प्रश्न पडला. मी नॅट्रियम सांगितले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हंजे हे त्याचं माहेरचं नाव." आणि मग, कार्ड वाळायला ठेवता ठेवता, "बरं शे त्याचं. कोठेतरी लिही ठेवेल शे." निदान कुठेतरी ते लिहून ठेवले आहे, असे तिला म्हणायचे होते.

संज्ञा दोन-चार दिवसांत तिला पाठ झाल्या. मग सूत्रे सुरू झाली. मूलद्रव्यांची कार्डे शेजारी मांडायची, दोघांच्या संयुजा तिरकस अदलाबदल करून खाली लिहायच्या, दोन्हीकडे सारखे आकडे आले तर काढून टाकायचे. कॅल्शियमला दोन, ऑक्सिजनला दोन. म्हणजे CaO, चुना. "फिटंफाट," ती म्हणायची. कंसातल्या मूलकांना ती एका चुलीवरचे कुटुंब म्हणे. कॅल्शियमला हायड्रॉक्साइड दोन लागतात, मग दोनचा आकडा कंसाच्या बाहेर. "घरातला एकटा नाही येत हो सर, आख्खं बिऱ्हाड न्यावं लागतं." ती मला गमतीने सर म्हणत असे. ती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापत असताना मी विचारायचो, "ॲल्युमिनियम ऑक्साइड?" आणि ती पिठाच्या बोटाने परातीच्या कडेला Al₂O₃ लिहून दाखवायची. ते दिवस आमच्या संसारातले सर्वांत बोलके होते, असे आज वाटते.

मी तिला सूत्रे शिकवीत होतो, त्याच दिवसांत दुसरेही एक शिकवीत होतो. तिची बोली अहिराणी; माझीही तीच. पण मी ती धुळ्यात बी.एड. करताना सोडून दिली होती. सरावपाठ पाण्याच्या सूत्रावर होता, आणि बोलण्याच्या ओघात मी "पानीमा दोन हायड्रोजन शेतस" असे म्हणून गेलो. मागच्या बाकांवर हशा उसळला. निरीक्षकांनी शेऱ्यात भाषेविषयी एक ओळ लिहिली. त्यानंतर मी स्वतःवर पहारा बसवला आणि तो पहारा माझ्या इतका अंगवळणी पडला की लग्न झाल्यावर मी तो तिच्यावरही बसवला. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती मुख्याध्यापकांच्या पत्नीशी मोकळेपणाने बोलत होती. घरी येताना मी रागावलो नाही. मी कधीच आवाज चढवत नसे, आणि त्याचा मला अभिमान होता. मी हळुवारपणे म्हणालो, "असं बोलू नकोस. बरं दिसत नाही."

तिने ऐकले. हळूहळू ती माझ्यासारखे बोलू लागली. नेमके, स्वच्छ आणि थोडे. आमची मुलगी तर अहिराणी ऐकत वाढलीच नाही. सोनगीरहून फोन आला तरच स्वयंपाकघराचे दार लोटून तिची आई त्या बोलीत बोलायची. मी बाहेर पेपर वाचत असायचो. दाराआडून हसणे ऐकू यायचे.

यंदा संक्रांतीनंतर एका सकाळी चहा गाळताना तिच्या हातातून गाळणे पडले. ती ते उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला होता. दवाखान्यात लवकर पोहोचलो, म्हणून जीव वाचला, असे सर्वांनी सांगितले. पुण्याहून मुलगी आली, महिनाभर राहिली, आणि नोकरी होती म्हणून जड पावलांनी गेली.

दवाखान्यातला एक प्रसंग सांगायला हवा. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक तरुण डॉक्टर खाटेपाशी आले. त्यांनी वाकून, मोठ्याने विचारले, "मावशी, तुमचं नाव काय?"

ती बराच वेळ ओठांशी झगडत राहिली. मग एक शब्द आला, तुटका पण ओळखू येईल असा. तिचे माहेरचे नाव.

डॉक्टरांनी कागद पाहिला आणि माझ्याकडे पाहिले. "हेच नाव का?"

"नाही," मी म्हणालो. "चुकलं."

खरे तर मी खुलासा करू शकलो असतो, पण मला तो सुचलाच नाही. माझ्या मनात ते नाव तिचे उरलेच नव्हते. डॉक्टरांनी मान हलवली आणि रुग्णाला स्वतःचे नाव सांगता येत नाही, अशी नोंद केली. तिने आमच्या दोघांकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले. मला वाटले, थकली.

घरी आणल्यावर वाचा-उपचार करणाऱ्या एक ताई आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. नाशिककडच्या होत्या, वयाने लहान, पण फार मन लावून काम करणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "घरी कोणती भाषा बोलता?"

"मराठी," मी सांगितले. आणि का कोण जाणे, पुढे जोडले, "शुद्ध मराठी."

"छान. मग सोपं जाईल. पहिले काही महिने महत्त्वाचे असतात, सर. जितकं बोलून घ्याल तितकं."

त्यांनी चित्रकार्डे करायला सांगितली. मी जीव ओतून केली. पेला, ताट, औषधाची बाटली, पंखा, न्हाणीघर. प्रत्येकाचे छायाचित्र आणि खाली सुवाच्य अक्षरांत शब्द. मी कार्ड धरायचो आणि म्हणायचो, "हे काय आहे? पाणी. म्हण, पाणी." ती माझ्या तोंडाकडे पाहायची. ओठ हलायचे, आवाज यायचा, शब्द यायचा नाही. मी पुन्हा म्हणायचो, वर्गातल्यासारखे, सुटे सुटे, स्वच्छ. ती मान वळवायची.

एके दिवशी कात्री शोधताना माळ्यावरच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात ती कार्डे सापडली. पत्रिकांच्या पाठीवरची. कडा पिवळ्या पडल्या होत्या, शाई तशीच होती. सहज म्हणून मी डबा तिच्यासमोर ठेवला. तिने डाव्या हाताने कार्डे चाळली. मग एक उचलून चादरीवर ठेवले, H. डब्यातल्याच आकड्यांच्या चिठ्ठ्यांतून दोन शोधला. मग O.

मी पाणी आणायला इतक्या घाईने उठलो की स्टुलाला ठेच लागली.

त्या दिवसापासून आमचे बोलणे सुरू झाले, असे मी सर्वांना सांगत सुटलो. वरण अळणी झाले की ती Na आणि Cl मांडायची. स्वयंपाक आता मीच करत होतो, त्यामुळे ही दोन कार्डे तिच्या उशाशीच असत. साखरेचे सूत्र लांबलचक. ते तिला आठवत नव्हते, म्हणून चहाला गोडी कमी असली तर C, H आणि O ओळीने टाकून ती हात झटकायची, पुढचे तुम्ही पाहा. एकदा तिने घाईघाईने Fe पुढे सरकवले. मी विचारात पडलो. लोखंड कशाला? रक्त कमी झाले असेल, लोहाच्या गोळ्या सुचवत असेल, असे मी मनाशी जुळवत होतो, आणि तिकडे ओट्यावर तव्यावरची पोळी जळून घरभर धूर झाला होता. ती हसली. तिचे अर्धेच तोंड हसत असे, पण हसली.

शिक्षकाला विद्यार्थी परत मिळाला की त्याचे काय होते, हे मी अनुभवले. मी रोज संध्याकाळी सूत्रांचा तास घेऊ लागलो. मॅग्नेशियम क्लोराइड, सोडियम बायकार्बोनेट, अमोनियम सल्फेट. ती कार्डे मांडायची, डाव्या हाताने पाटीवर वेडेवाकडे लिहायची, चुकली की मी दुरुस्त करायचो. स्टाफरूममध्ये मी अभिमानाने सांगितले की सारी भाषा गेली, पण मी शिकवलेले राहिले. एक सहकारी म्हणाले, "सर, तुमची शिकवणी पक्की!" मी ते घरी येऊन तिलाही सांगितले. ती काही करणार तरी काय होती? तिने ऐकून घेतले.

एका संध्याकाळी तिने चादरीवर एकटे Na ठेवले. मी थांबलो. पुढे काही आले नाही. मी Cl शेजारी ठेवून विचारले, "मीठ?" तिने Cl ढकलून दिले. "सोडा हवा का? पोटात जळजळतं?" मी H, C, O मांडून सोडियम बायकार्बोनेट पूर्ण केले. तिने सगळे बाजूला सारले आणि Na पुन्हा मध्यभागी आणून त्यावर बोट ठेवले. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर. मी एकामागून एक सगळी संयुगे करून पाहिली. कॉस्टिक सोडासुद्धा मांडला. शेवटी ती रडू लागली. मी तिचे डोळे पुसले आणि समजूत घातली, "असू दे. उद्या आठवेल."

तिला काही आठवायचे नव्हते. आठवायचे मला होते. पण त्या संध्याकाळी मी तिच्या वहीत, म्हणजे ताईंसाठी ठेवलेल्या नोंदींत, एवढेच लिहिले की सूत्र अपूर्ण राहिले.

वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात या सणाला सासुरवाशिणी माहेरी जातात; झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, दोन दिवस कोणी त्यांना काम सांगत नाही. लग्नानंतर सुरुवातीची काही वर्षे ती जात असे. पुढे उन्हाळी परीक्षांचे पेपर तपासणे, मुलीचे क्लास, माझी अडचण, असे काही ना काही निघत गेले. यंदा ती जाऊच शकत नव्हती, म्हणून तिची धाकटी बहीण सोनगीरहून तिच्यासाठी आली. हातात कैऱ्यांची पिशवी, डोक्यावर पदर, उन्हाने लाल झालेला चेहरा. दारातून आत येतानाच तिने बहिणीला माहेरच्या नावाने हाक मारली.

मी पाणी आणायला आत गेलो. फ्रिजचे दार उघडे धरून उभा होतो, तेव्हा बाहेरून आवाज आला. आधी मला वाटले, मेहुणीच विचारते आहे, आखाजी आली का.

"आखाजी उनी का वं?"

"उनी ना, बहीन. म्हनीसन तं मी उनू."

"आबानी झोका बांधा का?"

त्यांचे वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. तरी मेहुणी म्हणाली, "बांधा ना. निंबले बांधा. तुनीच वाट दखी राह्यनात बठ्ठा."

सगळे तिचीच वाट पाहताहेत, हे ऐकून ती पुढे विचारत गेली. अडखळत, मध्येच शब्द हरवत, पण माझी पत्नी बोलत होती. कैऱ्या कोणत्या झाडाच्या, गाय विकली की आहे, भाचीचे लग्न कुठे ठरले. मेहुणीने गाणे गुणगुणायला सुरुवात केली, तेव्हा तर तिचा आवाज अडखळलाच नाही. गाण्याच्या ओळीच्या ओळी सलग आल्या. मी फ्रिजचे दार लावायचे विसरलो होतो. पाण्याचा पेला हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. या दाराच्या आत ती आणि बाहेर मी, असे इतकी वर्षे चालले होते. आता जागा तेवढ्या बदलल्या होत्या.

मला राहवले नाही. मी बाहेर आलो. "अगं, तू बोलतेस! केव्हापासून? बोल ना, माझ्याशी बोल."

ती गप्प झाली. घाबरली नाही, रागावलीही नाही. माझ्या तोंडाकडे ती नेहमीसारखे पाहत राहिली, प्रश्न ऐकणाऱ्या विद्यार्थ्यासारखे. ओठ हलले. मग डावा हात उशाशी गेला, डबा चाचपला, आणि तिने कार्ड बाहेर काढले. H. मग आकडा. मग O. मी हातात पेला धरून उभा होतो, म्हणून मला हवे असलेले उत्तर तिने दिले.

मेहुणीने ते पाहिले. दुपारी ती भांडी आवरत असताना मी ओट्यापाशी गेलो. ती माझ्यापेक्षा लहान, मला मान देणारी. पण त्या दिवशी तिने मान आणि सत्य यांत सत्य निवडले.

"दाजी, राग येऊ देऊ नका. तुम्ही तिनासंगे पुस्तकना मायक बोलतस. ते तिले आते सापडत नही. ती काय करी बिचारी?"

"पण ती तर इतकी वर्षं माझ्याशी तसंच, पुस्तकासारखं, बोलत होती."

"बोले. पन ते तिनं नव्हतं ना, दाजी. ते तुमनं व्हतं." तिने कढई पालथी घातली. "आनि दवाखानामा म्हने तिनं नाव चुकाडं. फोनवर तुम्हीच सांगेल. काय सांगं व्हतं तिनी?"

मी ते नाव उच्चारले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उच्चारले असावे.

"मंग? चुकाडं कोनी?"

तिने नळ सोडला.

मी बाहेरच्या खोलीत आलो. बहीण आल्याच्या आनंदाने थकून ती झोपली होती. उशाशी डबा उघडा होता. वरच Na चे कार्ड होते आणि त्याच्या कोपऱ्यात एकच ठिपका, एकच हात. त्या संध्याकाळी तिने आधी त्या कार्डावर आणि मग छातीवर ठेवलेले बोट मला आठवले. तिच्याकडे शब्द नव्हता, म्हणून तिने मला आमचा जुना विनोद दाखवला होता. ती नाव सांगत होती. निदान मला आता तसे वाटते. तिला विचारून खात्री करण्याइतके बोलणे आमच्यात उरलेले नाही. आणि मी, रसायनाचा शिक्षक, तिच्यासमोर मीठ, सोडा आणि कॉस्टिक मांडत बसलो होतो.

पुढच्या खेपेला ताई आल्या, तेव्हा मी सर्व सांगितले. सांगताना माझा आवाज फार खाली गेला असावा, कारण त्यांना दोनदा विचारावे लागले. त्या रागावल्या नाहीत. हातातले चित्रकार्ड उलटे करून मांडीवर ठेवत म्हणाल्या, "हे आधी कळायला हवं होतं, सर. पहिल्या दिवशी मी विचारलं होतं."

"हो."

"तेव्हापासून त्या भाषेत सुरुवात केली असती, तर..." त्यांनी वाक्य पूर्ण केले नाही. "असो. आता करू. मला अहिराणी येत नाही. पण तुम्हाला येते ना?"

मी होकार दिला. आणि मग जाणवले की मला ती नीटशी येत नाही. समजते, पूर्ण समजते. पण तोंडातून काढू गेलो की आधी शुद्ध वाक्य तयार होते आणि मग मी त्याचे भाषांतर करतो. स्वतःच्या आईच्या बोलीत मी भाषांतर करतो. जो पहारा मी बसवला होता तो आता उठत नव्हता. मी सोनगीरला फोन लावून मेहुणीकडून शब्द विचारू लागलो. ती हसायची. "दाजी, तुम्ही साहेबना मायक अहिरानी बोलतस." गाडीवर बाजारात जाताना मी मनाशी वाक्ये म्हणायचो. सिग्नलवर एकदा शेजारचा रिक्षावाला वळून पाहू लागला होता.

मेहुणीने रोज दुपारी व्हिडिओ कॉल करायचे ठरवले. मोबाईल उशीला टेकवून ठेवला की ती बोलते. काही दिवस जास्त, काही दिवस कमी. मी त्या वेळी आतल्या खोलीत बसतो. मी समोर असलो की तिचे शब्द आटतात, हे मला दिसले आहे. दाराआडून हसणे ऐकू येते. मला एवढेच हवे होते की तिने एकदा माझ्याशी बोलावे. कार्ड न उचलता, काहीही. पाणी मागावे, रागवावे.

मागच्या आठवड्यात उन्हाळा ऐन भरात होता. कूलरमध्ये पाणी घालून मी तिच्याजवळ बसलो. ती डब्यातली कार्डे उगाच खाली-वर करत होती. मी डबा हलकेच बाजूला घेतला. तिने पाहिले, पण अडवले नाही. मी गाडीवर पुष्कळदा घोकलेले वाक्य आठवले, आणि आधी तिला हाक मारली. माहेरच्या नावाने.

मग म्हणालो, "तुले... तुले च्या जोयजे का? मी... मी करी लयस."

शब्द बहुधा बरोबर होते. चाल चुकीची होती. सरावपाठाला उभ्या राहिलेल्या मुलासारखा मी घामाघूम झालो होतो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. यावेळी तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे. कूलरचा पंखा घरघरत होता. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. डावा हात चादरीवरच होता, डब्याकडे गेला नाही.

"तुम्ही नका बोलू," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "बरं नही दिखत."

ते वाक्य तिला आठवून आले, की सहज आले, मला सांगता येणार नाही. ती थट्टा करत होती की इतक्या वर्षांनी उत्तर देत होती, हेही नाही. तिचा अर्धाच चेहरा हसतो आणि मी त्या क्षणी दुसऱ्या बाजूला बसलो होतो.

मी उठलो आणि चहा ठेवला. साखर ओट्यावर सांडली. ती माझ्याशी बोलली होती.

कप घेऊन आलो तेव्हा तिने एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. मी सवयीने डबा पुढे केला. तिने तो परत माझ्याकडे सरकवला आणि वाट पाहत राहिली, मी बोलण्याची.